गोगलगाय छाप आणि आमची विळी

लग्न होऊन मी कल्याणला आले तेव्हा माजघराच्या दारावर एका दाढीवाल्या गृहस्थांची तसबीर होती. कॉलर ताठ, कपाळ मोठं, आणि नजर अशी, की समोरचा माणूस नेमका उशिरा आला आहे. तसबिरीला चंदनाचा हार होता. नव्या सुनेने घरातल्या सगळ्या पूर्वजांना नमस्कार करायचा असतो, तो मी त्यांनाही केला. सासूबाई मागून म्हणाल्या, "त्यांना नको गं. ते आपले नव्हेत. ते सुऱ्यांचे."

ते सुऱ्यांचे म्हणजे जर्मनीतल्या एका कारखान्याचे मूळ पुरुष. माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणत असे, लढाईच्या आधी त्या कारखान्याचे आमच्या भागातले एजंट होते. कल्याणच्या बाजारपेठेत त्यांचं दुकान होतं. वस्तरे, कात्र्या, सुऱ्या, चांभारांच्या राप्या, सगळी धारेची हत्यारं तिथे मिळत आणि प्रत्येक पात्यावर एक छोटीशी गोगलगाय कोरलेली असे. कारखान्याचं नाव गिऱ्हाइकांना उच्चारता येत नसे. मामंजींनाही येत नसावं, पण ते इतक्या ठामपणे उच्चारत, की चूक असलीच तर जर्मनांची असावी असं वाटे. न्हावी मंडळी सरळ 'गोगलगाय छाप' म्हणत. सासूबाईंचं मत होतं की धारेच्या वस्तूला छाप अगदी योग्य आहे. गोगलगाय आणि पोटात पाय.

लढाई सुरू झाली तसा माल बंद झाला. मी आले तेव्हा लढाई संपली होती, देश स्वतंत्र झाला होता, आणि दुकानात कंदिलाच्या काचांपासून बिजागऱ्यांपर्यंत सगळं मिळत होतं. धारेचं मात्र काही नव्हतं. तरी मामंजी मनाने एजंटच राहिले. पाटीवरचं जर्मन नाव लढाईत पुसावं लागलं होतं. त्यांनी ते इतक्या पातळ रंगाने पुसलं होतं, की दर पावसाळ्यानंतर अक्षरं पुन्हा वर येत. मग ते दिवाळीच्या सुमारास पुन्हा तसाच पातळ हात देत.

दसऱ्याला दुकानाची पूजा झाली की ते त्या घराण्याचा इतिहास सांगत. हे वर्षानुवर्षं चालत आलेलं होतं आणि पेढा त्यानंतरच हातावर पडत असल्यामुळे श्रोते कमी पडत नसत. मूळ पुरुष लोहाराचा धाकटा मुलगा. ओढ्याच्या पाण्यावर फिरणारं धारेचं चाक. पहिलं पातं घासायला त्याने इतका वेळ लावला, की चाकाशेजारच्या दगडावरची गोगलगाय त्याच्याआधी पलीकडे पोचली. बाप चेष्टेने म्हणाला, हीच तुझी खूण. मग दुसरी पिढी, तिसरी पिढी, पूर, आग, पुन्हा उभारणी. आणि मधोमध मामंजींचा आवडता प्रसंग. एक श्रीमंत इंग्रज व्यापारी बग्गीतून येतो आणि म्हणतो, ही गोगलगाय मला विक. म्हातारा चाकावरून मान वर न करता विचारतो, "खूण विकली तर उद्या मुलांच्या हातात हातोडा कशाला देऊ?" इथे मामंजी थांबत. नियमित गिऱ्हाइकांना इथे मान हलवायची हे ठाऊक होतं.

मी वाचणारी बाई. माझे वडील ठाण्याला कोपरीत शाळामास्तर होते आणि आमच्या घरात धान्यापेक्षा पुस्तकांना कसर जास्त लागे. त्यामुळे मला दोन गोष्टी लगेच खटकल्या. एक म्हणजे, जर्मनांच्या सगळ्या पिढ्या तोंडपाठ असलेले मामंजी आपल्या स्वतःच्या पणजोबांच्या मागे गेले की अडखळत. आणि दुसरी म्हणजे, त्यांचा इतिहास "मग लढाई झाली" इथे एकदम संपे आणि पेढ्यांचं ताट फिरू लागे. कोणत्याही मोठ्या घराण्याच्या कहाणीत एखादं पान चिकटलेलं असतं. ते ओलं करून सोडवायला गेलं की घरचे म्हणतात, पेढा घ्या.

माझे यजमान रेल्वेच्या वर्कशॉपात काही वर्षं काढून बाहेर पडले होते. बोलणं थोडं, पण एकदा मनात घेतलं की घेतलं. त्यांनी ठरवलं होतं, की जर्मन माल येत नाही तर आपण पाती बनवायची. डोंबिवलीच्या पश्चिमेला, कोपरच्या बाजूला तेव्हा भातखाचरं होती. त्यांच्या कडेला त्यांनी पत्र्याची शेड घातली, आत भट्टी, घासायची चाकं, आणि रेल्वेच्या भंगारात मिळालेल्या वॅगनच्या स्प्रिंगांचे पट्टे. त्या पट्ट्यांचं पोलाद चांगलं असतं.

मामंजींनी परवानगी दिली, पण एका अटीवर. जर्मन माल पुन्हा सुरू होईपर्यंतच. एजन्सी परत आली की शेड बंद, कारण त्या कारखान्याचा नियमच होता की एजंटाने स्वतः पाती बनवायची नाहीत. मामंजींच्या लेखी शेड म्हणजे स्टेशनातली बसायची खोली होती. गाडी आली की उठायचं. यजमानांच्या लेखी ते घर होतं. दोघांनीही हे एकमेकांना एकदाच सांगितलं आणि मग त्या विषयावर बोलले नाहीत. घरातली प्रत्येक वस्तू मात्र त्या विषयावर बोलत असे.

शेडचं उद्घाटन गावातल्या एका पुढाऱ्यांच्या हस्ते झालं. त्यांनी उद्योग, स्वावलंबन आणि पोलादी मनगटं यांवर भाषण केलं. त्यांचं स्वतःचं मनगट पुष्पगुच्छाच्या भाराने थरथरत होतं. फीत आमच्याच पहिल्या सुरीने कापायची होती. फीत ढिली बांधलेली होती आणि ढिल्या फितीला जगातली कोणतीही सुरी लागत नाही. पुढारी करवतीसारखी सुरी मागे-पुढे करत राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, थांबवल्या, पुन्हा वाजवल्या. शेवटी त्यांनी फीत ओढून खुंटीसकट उपटली.

मामंजी शेजारी उभे होते. "जर्मन सुरीने कापली असती," ते हळूच म्हणाले.

"बाबा, फीत ढिली होती."

"जर्मनांची फीत ढिली नसते."

सुऱ्या खरोखर चांगल्या झाल्या होत्या. मामंजींनी जपून ठेवलेली स्वयंपाकाची एक जर्मन सुरी समोर ठेवून यजमानांनी तिचं टोक, जाडी, मूठ, सगळं जसंच्या तसं उतरवलं. ठाण्याच्या एका हॉटेलवाल्याने काही घेतल्या. बाकीच्या दुकानात गवतात गुंडाळून पडून राहिल्या. लोक हातात घेत, अंगठ्याने धार बघत, वाहवा करत आणि बिजागऱ्या घेऊन जात.

मग ओसरीवर बापलेकांच्या चर्चा सुरू झाल्या.

"मूठ बारीक झाली असेल," हे म्हणाले.

"मूठ नव्हे, पॉलिश. जर्मन पात्यात माणसाला स्वतःचं तोंड दिसतं."

सासूबाई आतून म्हणाल्या, "तोंड बघायला घरात आरसा आहे."

मी त्यांच्या शेजारी बसून दुधी चिरत होते. अशा चर्चा कितीतरी संध्याकाळी झाल्या असतील, आणि त्या दिवशी माझ्या हातातला दुधी अर्धा झाल्यावर मला काय ते दिसलं. मी तशीच ओसरीच्या दाराशी गेले.

"अहो, या घरात सुरीने भाजी चिरताना तुम्ही कधी कोणाला पाहिलंत?"

दोघंही माझ्याकडे बघत राहिले.

"शेजारी? माझ्या माहेरी? अख्ख्या कल्याणात? तुमची सुरी उभ्याने स्वयंपाक करणाऱ्या बायकांची आहे. आम्ही बसतो. तुम्ही बाहेर सुरीबद्दल बोलताय तोवर आत विळीवर रात्रीची भाजी झाली."

हे हसले नाहीत. ते उठून आत आले आणि विळीसमोर उकिडवे बसले, जणू ती आजच विकत आणली होती. ज्या घराने दोन पिढ्या पात्यांवर भाकरी खाल्ली, त्या घराने चुलीपुढचं पातं कधी पाहिलंच नव्हतं, कारण ते बायकांच्या बाजूला होतं.

मामंजी जागचे हलले नाहीत. "विळी हे हत्यार नव्हे," ते म्हणाले. "ती भांड्यांत मोडते."

"मग खंडेनवमीला पूजेत कशाला मांडता?" सासूबाईंनी विचारलं. "पातेलं नाही मांडत ते."

त्यानंतर दीड-दोन वर्षं मी आणि सासूबाई एका अर्थी त्या शेडच्या नोकरीत होतो. सुरी वरून खाली येते. विळी जागेवर असते आणि भाजी तिच्याकडे जाते, एवढी साधी गोष्ट, पण पात्याचा सगळा बाक त्यावर ठरतो. पहिलं पातं फार सरळ होतं. त्यावर कांदा ठेवला की घसरून मांडीवर येई. दुसऱ्याला इतकं कडक पाणी पाजलं होतं की सुरणाला लागून त्याचा कपचा उडाला. तिसऱ्याचा पाट हलका, पायाखाली टिकेना. हे संध्याकाळी नवीन पातं घेऊन येत आणि आम्ही जेवणात काय करायचं ते पात्यावरून ठरवत असू. सुरणाची भाजी त्या काळात इतकी झाली की मामंजी म्हणाले, जर्मनीत हे काम यंत्र करतं.

मग एके दिवशी नव्या विळीवर सासूबाईंचं बोट कापलं. मी हळद घेऊन धावले. त्यांनी बोट तोंडात घातलं, विळीकडे जरा रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता बरी झाली."

त्या विळ्या हळूहळू खपू लागल्या. एकीने घेतली की तिची जाऊ येई. बाजारातले एक मोठे व्यापारी दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "माल झकास आहे. फक्त पात्यावर 'जर्मन' ठोका. मी हव्या तेवढ्या उचलतो."

"जर्मन लोक विळी वापरत नाहीत, शेठ," हे म्हणाले.

"ते गिऱ्हाइकाला काय माहीत? गिऱ्हाईक काय जर्मनीला चाललंय?"

यांनी नाही म्हटलं. पण स्वतःची खूणही घातली नाही, कारण मामंजींनी घालू दिली नव्हती. "छाप घराण्याला असते," ते म्हणत. "आपण तात्पुरते आहोत." त्यामुळे आमची विळी चांगली होती आणि अनाम होती. ही गोष्ट यांच्या मनाला लागे, पण बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. ते फक्त दुसऱ्या दिवशी जास्त लवकर कोपरला जात.

आणि मग गाडी आली. जर्मनीहून पत्र आलं, की मूळ पुरुषाचे खापरपणतू हिंदुस्थानात जुन्या एजंटांना भेटत फिरत आहेत आणि अमुक दिवशी कल्याणला येतील. मामंजींनी पत्र देवापुढे ठेवलं. पाटीवरचा पातळ रंग त्यांनी रॉकेल लावून स्वतः पुसून काढला. यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "मी या महिन्याचं पोलाद आणू की नको?" मामंजी म्हणाले, "थांब जरा." म्हणजे काय ते आम्हाला कळलं.

अमुक दिवस म्हणजे खंडेनवमी होती. आमच्या घरात त्या दिवशी सकाळी सगळी पाती धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याला सकाळी ती उचलेपर्यंत घरात काहीही कापायचं नाही. सुपारी नाही, दोरा नाही, पेन्सिलीला टोकसुद्धा नाही. वर्षभर राबणाऱ्या हत्यारांना तेवढी सुट्टी. बाजारपेठेतलं धारेचं दुकान असल्यामुळे हा नियम आमच्याकडे इतरांपेक्षा कडक होता. आणि त्याच दिवशी सुऱ्यांचा कारखानदार जेवायला येणार होता.

"आदल्या दिवशी चिरून ठेवू?" मी विचारलं.

"पाहुण्याला शिळं?" सासूबाई म्हणाल्या. "पात्याशिवाय स्वयंपाक येत नसेल तर शिकवण्यात माझी चूक झाली."

मग आम्ही पुरण घातलं, वरणभात केला, गवार हाताने मोडली, पालेभाजी खुडली, केळी कुस्करून शिकरण केलं. लिंबू कापता येत नव्हतं म्हणून चिंचेचं सार झालं. खवणी विळीच्याच टोकाला असल्यामुळे खोबरं कशातच नव्हतं, आणि माझ्या मते कोकणी मुळाच्या घरातला खरा उपवास तोच.

पाहुणे टांग्यातून उतरले तेव्हा घामाने निथळत होते. तिशी ओलांडलेला, उंच, जरा वाकून चालणारा माणूस. दारात येताच त्यांनी तसबीर पाहिली आणि थबकले.

"हे इथे कसे?"

मामंजींनी त्यांच्या पत्रव्यवहारी इंग्रजीत सांगितलं, की आम्ही त्यांचा मान ठेवतो. हाराकडे बोट दाखवून पाहुण्यांनी विचारलं, हे काय? मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, की गेलेल्या वडीलधाऱ्यांना आमच्याकडे घालतात.

"आमच्या ऑफिसात त्यांच्या खाली टोप्या टांगतात," ते म्हणाले. मला ते आवडले.

जेवण झाल्यावर त्यांनी पेटीतून एक झगझगीत नवी सुरी काढली, सासूबाईंसाठी भेट. तिची करामत दाखवायला त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, फळांच्या टोपलीतला पेरू उचलला आणि त्यावर पातं टेकवलं. सासूबाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातातून सुरी काढून घेतली. ज्या सहजतेने त्या शेजारच्या कार्ट्याच्या हातातून गलोल काढून घेत, तितक्याच सहजतेने.

"आज नाही म्हणावं," त्या मला म्हणाल्या. "आज तिलापण सुट्टी."

त्यांनी सुरीला हळदकुंकू लावलं आणि पाटावर इतर पात्यांत मांडून ठेवली. पाहुणे मागोमाग जाऊन पाटासमोर उभे राहिले. तिथे त्यांच्या आजोबांच्या काळचे वस्तरे होते, फिती कापायची ती आमची सुरी होती, आणि मधोमध, पाटासकट, विळी होती.

"ही सुरी गंजत नाही," त्यांनी कुंकवाकडे बघत मला सांगितलं. मी सासूबाईंना सांगितलं.

"गंजत नाही तर पुसणार कोण? सुना आळशी होतील," सासूबाई म्हणाल्या. हे मी त्यांना सांगितलं नाही.

ओसरीवर बसल्यावर मामंजींनी इतिहास सुरू केला. पाहुणे सभ्यपणे ऐकत होते. "मग लढाई झाली" इथे मामंजी थांबले आणि पेढ्यांकडे वळले, आणि मी इतकी वर्षं जे विचारायचं ठेवलं होतं ते विचारलं.

"लढाईत कारखान्याने काय बनवलं?"

मामंजींनी माझ्याकडे असं पाहिलं की तसबिरीची नजर कमी वाटावी. पाहुण्यांनी मात्र मान खाली घातली नाही.

"संगिनी," ते म्हणाले. "दुसरं काही बनवायची परवानगी नव्हती. मागायला कोणी गेलंही नाही. माझे वडीलसुद्धा नाही. काम करायला माणसं धरून आणलेली होती, परक्या देशांतली. आमच्या पुस्तिकेत ते पान छापत नाहीत."

मामंजी पेढ्याचं ताट हातात धरून तसेच बसून राहिले.

मग व्यवहाराची बोलणी झाली. एजन्सी परत मिळेल. अट तीच जुनी. पाहुण्यांना शेडबद्दल व्यापाऱ्यांकडून आधीच कळलं होतं. बोलता बोलता त्यांनी पूजेकडे बोट करून विचारलं, ते उभं पातं कसलं? मी म्हटलं, विळी, आम्हीच बनवतो, पण आज दाखवता येणार नाही. "उद्या सकाळी येतो," ते म्हणाले आणि स्टेशनावरच्या विश्रांतिगृहात मुक्कामाला गेले.

दिवेलागणीला हे परसात हात धूत होते. मी तांब्यातलं पाणी घालत होते.

"उद्या बाबा हो म्हणाले तर?" मी विचारलं.

"बनवत राहीन. शेडमध्ये नाही तर इथे परसात."

"इथे भट्टी नको. तुळस जळेल. शेडच बरी."

यांनी हात झटकले. "मीही तेच म्हणतोय," ते म्हणाले, आणि ओसरीवर जाऊन बापासमोर बसले. आतून मला ऐकू येत होतं. "बाबा, मी वितंडवाद घालणार नाही. दुकान तुमचं आहे. पण मी पाती बनवणं सोडणार नाही. तुम्ही एजन्सी घ्या, मी वेगळा होतो." आमच्या घरात हा शब्द तोवर कोणी उच्चारला नव्हता. सासूबाई समईत तेल घालत होत्या, त्या घालतच राहिल्या आणि ते ताम्हनात सांडलं.

दसऱ्याला सकाळी पाहुणे वेळेआधी आले. पूजा उचलली. यांनी विळी पाहुण्यांच्या हातात दिली. त्यांनी कोटाच्या खिशातून मोजायचं पितळी यंत्र काढलं, पात्याची जाडी घेतली, बाक पाहिला, नखावर धार टेकवली, पातं कानाजवळ धरून टिचकी मारली. चेहरा उजळला. हा माणूस टोप्यांवरच्या म्हाताऱ्याचा खरोखरच वंशज होता.

"उत्तम," ते म्हणाले. आणि मग, अगदी मनापासून, आमचं भलं करायला, "हे आम्ही करू. न गंजणारं. आफ्रिकेसाठी आम्ही त्यांचे कोयते बनवतो, दक्षिण अमेरिकेसाठी त्यांचे. हे तुमच्या देशासाठी. मला एक नमुना द्या. गोगलगाय छाप, आणि सगळ्या हिंदुस्थानचे एजंट तुम्ही."

मी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यभर जे मागितलं त्यापेक्षा मोठं ताट त्यांच्यापुढे आलं होतं. शेजारी हे उभे होते, हात पाठीमागे बांधून.

सासूबाईंनी मध्येच कोहळा आणून पाटावर ठेवला. आमच्याकडे सुट्टी संपल्यावर हत्याराचा पहिला घाव कोहळ्यावर घालायचा, आणि अखंड कोहळा बायकांनी फोडायचा नसतो. तो मान घरातल्या कर्त्या पुरुषाचा. मामंजी तो दरवर्षी त्या जुन्या जर्मन सुरीने घालत, उभ्याने, जरा मागे सरून, फोटो काढत असल्यासारखे.

"आधी हे आटपा," सासूबाई म्हणाल्या. "मुहूर्त तुमच्या एजन्सीसाठी थांबणार नाही."

मामंजींनी सुरीकडे हात नेला. तो तिथेच राहिला. मग ते पाहुण्यांकडे वळले, त्यांच्या हातातून विळी घेतली, जमिनीवर ठेवली आणि धोतर सावरत तिच्यावर बसले. जन्मात पहिल्यांदा.

"पाय पाटावर," सासूबाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

"तो नव्हे. उजवा. आणि वाकू नका असे, नाकाने चिरायचं नाहीये."

"तू जरा गप्प बसशील?"

मामंजींनी कोहळा दोन्ही हातांनी उचलला आणि पात्यावर दाबला. जून कोहळ्याची साल लाकडासारखी असते. विळीवर तो सहसा कोणी धरत नाही, कारण पातं लवतं आणि लवलं की पुन्हा सरळ होत नाही. यांनी पाठीमागचे हात सोडले. पातं जरासं किरकिरलं. मग सालीतून आत गेलं, आणि कोहळा दोन बाजूंना उघडला. मामंजींनी पात्यावरून बोट फिरवलं. ते सरळ होतं.

ते तसेच बसून पाहुण्यांना म्हणाले, "नमुना मिळणार नाही."

पाहुण्यांना वाटलं भाषेची अडचण आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्या मूळ पुरुषाने त्या इंग्रजाला जे सांगितलं तेच," मामंजी म्हणाले. "खूण विकली तर उद्या मुलांच्या हातात हातोडा कशाला देऊ?"

पाहुणे गोंधळले. "कोण इंग्रज?"

"बग्गीतून आला होता तो."

"ही गोष्ट मी आमच्या घरात कधी ऐकली नाही."

इतकी वर्षं माना हलवलेल्या त्या वाक्याचा उगम जर्मनीत नसून कल्याणच्या बाजारपेठेत आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. यांच्याही आलं असावं. मामंजींच्या तोंडावरची रेषही हलली नाही.

"मग आता ऐका," ते म्हणाले, आणि विळीवर बसल्या बसल्या त्यांनी त्या माणसाला त्याच्याच घराण्याची ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली, मधल्या थांब्यासकट. पाहुण्यांनी नेमक्या जागी मान हलवली. हसून म्हणाले, "ही पुस्तिकेत घालायला हवी."

जाताना त्यांनी दुकानातून एक विळी मागितली. मामंजींनी ती बांधून दिली आणि बजावलं, "कापायला न्या. मोजायला नको." पुढे त्यांनी जर्मनीत विळी बनवली का, मला ठाऊक नाही. बनवली असती तरी तिच्यावर बसायला शिकवणारी बाई त्यांनी कुठून आणली असती? एजन्सी काही काळाने मुंबईतल्या कोणा मोठ्या पेढीला मिळाल्याचं कानावर आलं. मामंजींनी ते ऐकलं आणि बिजागऱ्या मोजू लागले.

टांगा वळणाआड गेल्यावर त्यांनी यांना विचारलं, "पोलाद आणलंस?"

"तुम्ही थांब म्हणाला होतात."

"मग आता कशाला थांबलायस?"

खुणेचा विषय आठवडाभर चालला. हत्ती, कमळ, सूर्य, सगळं सुचवून झालं. घरात कोणाला चित्र काढता येत नव्हतं, हाही मुद्दा होताच. मामंजी म्हणाले, त्या लोकांच्या पात्यावर गोगलगाईखाली त्यांच्या गावाचं नाव असे, कारण पातं वाईट निघालं तर बोल गावाला लागतो. मग यांनी एक पोलादी ठसा करून घेतला, त्यावर फक्त 'कल्याण'. शेड कोपरला आहे हे मी निदर्शनास आणलं. दोघांनीही ते ऐकून घेतलं नाही.

पुढच्या दसऱ्याला दुकानात नेहमीची मंडळी जमली. घरी तसबीर जागेवर होती, हारही. मामंजींनी लोहाराचा धाकटा मुलगा, ओढा, गोगलगाय, पूर, आग, सगळं सांगितलं. इंग्रज बग्गीतून आला आणि परत गेला. "मग लढाई झाली," ते म्हणाले. सवयीने हात पुढे आले. मामंजींनी ताट उचललं नाही.

"मग लढाई झाली," ते पुन्हा म्हणाले. "तेव्हा त्यांनी संगिनी बनवल्या. धरून आणलेल्या माणसांच्या हातून. वाईट केलं." ते जरा थांबले, इथे मान हलवायची की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हतं. "आणि मग कोपरला, भातखाचरांच्या कडेला, एक शेड उभी राहिली."

पुढचा इतिहास फार मोठा नव्हता. त्यात फीत उपटलेली होती आणि सुरणाच्या भाज्या होत्या. पेढे जरा उशिरा मिळाले.